मधल्या ठोक्याचा टाळ

येलहंक्यात आमच्या घरामागे दत्ताचं देऊळ आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी आम्ही बायका भजनाला बसतो. बहुतेक जणी निपाणी-चिकोडीकडच्या. नवऱ्यांच्या कारखान्यातल्या नोकऱ्यांमुळे बेंगळुरूला आलो आणि इथल्याच झालो. घराबाहेर मी एकटी जाते अशी ही एकच जागा. चारचौघींत बोलायला मला जमत नाही. पण टाळ हातात असला की बोलावं लागत नाही, म्हणून मला टाळ फार जवळचा.

मागच्या श्रावणात भजन मध्येच थांबलं. पेटी वाजवणाऱ्या अक्का मंडळ चालवतात. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, तुझा टाळ उशिरा पडतोय. तुझं ऐकून बाकीच्या घसरतात. स्वल्प वेळ बाजूला ठेव बघू."

"हिचा टाळ मागच्या बसनं येतो," माझ्या शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि टाळ पिशवीत ठेवला.

पुढचे काही गुरुवार मी नुसते हात मांडीवर घेऊन बसले. मग गुडघा दुखतो म्हणून सांगितलं आणि जायची बंद झाले. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. घरात कुणाला काही बोलले नाही. पण गुरुवारी देवळातून पेटीचा आवाज आला की मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायची.

माझी सून पुण्याची. तिचं ऑफिस व्हाइटफील्डला, पण आठवड्यातले दोन दिवस ती घरूनच काम करते. काम संपलं की फोनवर गाणी लावून भाजी चिरायला बसते. एकदा अशीच ती काकडी कोचवत होती आणि मी खलबत्त्यात शेंगदाण्याचं कूट करत होते. गाणं संथ होतं. पुरुषांचे भरदार आवाज, भाषा कुठली ते कळत नव्हतं.

थोडा वेळ ऐकून मी म्हटलं, "तुझ्या गाण्यातला गिटारवाला चुकतोय."

"कुठे?"

"ठोका पडून गेल्यावर वाजवतोय. माझ्यासारखाच."

शेवटचं तोंडातून निसटलं. तिने सुरी खाली ठेवली आणि मग मला सगळं सांगावं लागलं, मागच्या बसचंसुद्धा.

ती हसली नाही. म्हणाली, "आई, तो चुकत नाहीये. ते तसंच वाजवायचं असतं, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत. याला रेगे म्हणतात."

"रेगे तर आपल्याकडचं आडनाव."

आता मात्र ती हसली. मग तिने सांगितलं की हे संगीत जमैका नावाच्या एका बेटावरचं. तिथे उसाच्या मळ्यांत राबवायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेली होती, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी ते काढलं. उसाचं नाव निघाल्यावर मला ते बेट जरा ओळखीचं वाटलं. आमच्याकडचे फड माझ्या डोळ्यांसमोर आले.

"मग हे गाणारे त्या बेटावरचे?"

"नाही, हे न्यूझीलंडचे. तिथले मूळचे लोक आहेत, माओरी. स्वतःच्या भाषेत गातायत."

मग तिने जपानी माणसांचं लावलं. एक बाई इतकी हळू गात होती की बाळाला निजवते आहे असं वाटावं, आणि तिच्या मागे गिटार तसंच, मधल्या जागेत. मग पोलंड म्हणून एका थंडीच्या देशातलं लावलं. मग आपल्याच मेघालयातल्या डोंगरातल्या मुलांचं. बोली सगळ्यांची वेगळी, ठोका एकच. माझं कूट कधीच झालं होतं, तरी मी खलबत्ता सोडून उठले नाही.

"यांना कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"ऐकून ऐकून शिकले."

"आणि त्या बेटावरची माणसं काही म्हणाली नाहीत? आमचं असून तुम्ही कशाला वाजवता म्हणून?"

"कुणी म्हटलंही असेल. पण हे वाजवत राहिले."

हे बोलणं माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं.

माझा हात असा का पडतो, ते मला तेव्हा उमगलं. चौथीनंतर शाळा सुटली आणि माझ्या हातात मुसळ आलं. थोरली बहीण आणि मी एकाच उखळात मिरची कांडायचो. तिचं मुसळ वर गेलं की माझं खाली यायचं. दोघींचं एकदम पडलं तर मुसळाला मुसळ आदळायचं आणि कोपरापर्यंत कळ जायची. त्यामुळे दुसरीचा ठोका ऐकायचा आणि मधल्या जागेत आपला टाकायचा, हे हाताला लागून गेलं. टाळ घेतला तरी हात तेच करतो.

सुनेला हे सांगितलं तर तिने लगेच पोळपाट पुढ्यात ओढला. ती लाटण्याने ठोका द्यायची, मी मध्ये टाळ टाकायची. पहिल्यांदा तीच घसरायची. "आई, तुमच्यामुळे माझं चुकतंय," म्हणायची आणि परत सुरू करायची. जमायला लागल्यावर म्हणाली, "दत्तजयंतीला देवळात हे वाजवा. मी येते, अक्कांशी बोलते."

"तू नको येऊ," मी म्हटलं. "तू बोलशील, आणि मी परत गप्प बसेन."

दत्तजयंतीच्या आधीच्या गुरुवारी मी देवळात गेले. सगळ्यांनी गुडघ्याची चौकशी केली. बरा आहे म्हटलं. दोन अभंग झाले तरी टाळ पिशवीतच होता. तिसरा सुरू करायला अक्कांनी पेटीवर हात ठेवला, तेव्हा मी बोलले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी "काय गं?" म्हणून दोनदा विचारलं.

"या अभंगाला मी मध्ये वाजवू का?"

"मध्ये म्हणजे?"

जमैका, जपान काही सांगायला सुचलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही सगळ्या पहिलं मुसळ टाका. मी दुसरं टाकते."

अक्कांनी पेटीवरचा हात काढला. त्याही चिकोडीकडच्याच. "कांडणासारखं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बघू. पण सावकाश घेऊ."

संथ लयीत अभंग सुरू झाला. पहिल्या कडव्यात दोघी घसरल्या, आणि शेजारचीने टाळ थांबवून माझ्या हाताकडे बघितलं. दुसऱ्या कडव्याला बसलं. त्यांचा टाळ पडायचा आणि उरलेल्या जागेत माझा. मागे बसलेली एक म्हातारी आजी मान डोलवायला लागली, तिचा हात मांडीवर वर-खाली होत होता. मुसळ धरल्यासारखी मूठ होती तिची.

अभंग संपल्यावर शेजारची म्हणाली, "बस आली म्हणायची एकदाची."

"तुमचीच पुढे पळत होती," मी म्हटलं. आजवर मी तिला कधी उलटून बोलले नव्हते. ती मोठ्याने हसली आणि तिने मला जरा जवळ ओढून घेतलं.

अक्का म्हणाल्या, "सरी, चालेल. दत्तजयंतीला हा अभंग असाच. पण एवढाच हं. आरतीला नको, आरतीला लोक आधीच घाईत असतात."

घरी आले तर सून मीटिंगमध्ये होती. कानातला इअरफोन काढून तिने नुसत्या भुवया उंचावल्या.

"एक अभंग मिळाला," मी म्हटलं.

तिने तो परत कानात घातला, पण मीटिंग संपेपर्यंत हसतच होती. मी टाळाची दोरी बघितली. जुनी, विरलेली होती. शिवणाच्या डब्यातून लाल दोरी काढून मी नवी ओवली, दत्तजयंतीला मध्येच तुटायला नको. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडून कुकर लावला.