उजनीच्या वाऱ्यावरच्या मॅडम

रविवारी भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर आम्ही चार-पाच जण विंडसर्फिंगला जमतो. शीड लावलेल्या फळीवर उभं राहायचं आणि वाऱ्याबरोबर निघायचं, एवढाच खेळ. पण आमचा जीव मनगटावरच्या घड्याळात दिसणाऱ्या वेगाच्या आकड्यात. आमच्यातल्या, बारामतीच्या शाळेत शिकवणाऱ्या मॅडमना आकडा विचारला, की त्या हसून म्हणतात, "मजा आली बघा. अजून काय पायजे?"

परवा वारा एकाएकी चढला. आमचा एक मित्र वेगाच्या नादात खोल पाण्यात गेला आणि पडला. त्याची फळी एकटीच लांब वाहत चालली. आम्ही काठावरून हाका मारत राहिलो. मॅडम तेव्हा पाण्यावरच होत्या; त्या त्याच्याकडे अशा सुटल्या, की त्यांना एवढ्या वेगात आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फळी वळवली, त्याच्यापाशी पोचताच शीड पाण्यात आडवं पाडलं आणि त्याला वर ओढून घेतलं. मग लाटा अंगावर घेत दोघं हातांनी वल्हवत कसेबसे काठाला लागले.

तो धापा टाकत म्हणाला, "मॅडम, पडायच्या आधी माझा स्पीड किती आला असंल?"

त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून मॅडमनी गवतात ठेवलं आणि नाडीवर बोटं टेकवली.