तुळसाक्काची चालणारी गाडी

देवनहळ्ळीच्या गॅरेजवाल्या बसवराजने तुळसाक्काला फसवलं. तिच्या जुन्या ट्रकचा मागचा एक्सल काढून घेतला आणि दुसराच बसवला. हे आधीच सांगतो, कारण अक्काच्या चामराजपेटेत अजून लोक म्हणतात की म्हातारीने हट्टाने चुकीचं इंजिन निवडलं.

मी निपाणीचा. पंक्चरं काढत काढत बंगळूरमध्ये जुन्या ट्रकांचा दलाल झालो. भाव करताना कोणी मला हरवलेलं खपत नाही. तुळसाक्काने पहिल्याच भेटीत हरवलं.

तिच्या सासऱ्यांचा लांब नाकाचा पेट्रोल ट्रक होता. वर्षातून एकदाच, दसऱ्याला, तो अंबाबाईला घेऊन बाहेर पडे. पुढे गाणाऱ्या बायका, त्यांच्या मागे ट्रक आणि मागच्या चाकाशी, चढावर अडसर लावायला लाकडी ठोकळा घेऊन स्वतः अक्का. त्या वर्षी इंजिन जाम झालं, म्हणून ती माझ्या यार्डात आली.

मी तिला एका अपघाती गाडीतलं टर्बो डिझेल दाखवलं. "अक्का, गिअरबॉक्ससकट घ्या. चढावर उडत जाईल."

"उडायला विमान आहे काय? पहिल्या गिअरात घाल. रेस देऊ नको."

गाडी निघाली तशी अक्का पदर खोचून तिच्या शेजारून चालू लागली. थोड्याच वेळात मागे पडली. "हे नको. माझ्या बायका काय धावत धावत आरती म्हणतील?"

यार्डातल्या प्रत्येक चालू गाडीची परीक्षा तिने अशीच घेतली. माझं डोकं तापलं. "इंजिन घ्यायला आलात की फिरायला?"

"दोन्हीला. ऊन छान पडलंय की रे."

शेवटी एका गाडीतलं म्हातारं चार सिलिंडरचं डिझेल उरलं, त्याच्याच जाडजूड गिअरबॉक्ससह. त्या गाडीच्या शेजारून ती पार कुंपणापर्यंत गेली. दम लागला नाही. "सरी, हाच बरा. हा माझ्यासंगं चालतो."

मग तिने असा भाव सांगितला की मी खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर आपटला. ती शांतपणे म्हणाली, "तुझा राग भावातच धरायचा की वरून वेगळा द्यायचा?" मला हसू आलं आणि सौदा गेला तिच्या पदरात.

एका गोष्टीवर मात्र आम्हा दोघांचं एकमत होतं. मागचा एक्सल जुनाच ठेवायचा. त्यातल्या दातेरी चाकावरच ठरतं, गाडी चालणार की पळणार. हे म्हातारं इंजिनसुद्धा वेगवान दात्यांच्या एक्सलवर पळालं असतं. इंजिन बसवणाऱ्या बसवराजला मी हे पुन्हा पुन्हा बजावलं. असे एक्सल आता मिळत नाहीत, जुन्या गाड्या जमवणारे त्यांच्यासाठी टपलेले असतात, हे त्यालाही माहीत होतं.

मिरवणूक काढणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना हा खटाटोपच नको होता. "भाड्याने नवी गाडी आणू, अक्का." ती म्हणाली, "पळणाऱ्याला लोक बघतात. चालणाऱ्याबरोबर लोक येतात."

बसवराजने गाडी आज देतो, उद्या देतो करत दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी आणली. तीही थेट देवळाच्या मांडवात उभी केली. अक्का तिच्याबरोबर चालून बघणार होती, पण सजावटीची माणसं खोळंबली होती. तिने विचारलं, "एक्सल आपलाच ना रे?" बसवराजने देवीकडे हात केला. "देवराणे, अक्का! हातसुद्धा लावला नाही." देवीची शपथ ऐकून तिने सजावटवाल्यांना पुढे बोलावलं. मीही एक्सल उघडून बघितला नाही.

मिरवणूक निघाली आणि गाडी बायकांच्या अंगावर जाऊ लागली. ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून ती आवरत होता. चढावर क्लच जळाल्याचा वास आला. गाडी थांबली आणि देवीसकट मागे सरकू लागली. ड्रायव्हरला ब्रेक सापडेपर्यंत अक्का ठोकळा घेऊन चाकाशी वाकली होती. ठोकळा बसला. गाडी थांबली. पण धक्क्याने अक्का पडली ती पुन्हा उठली नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं.

इस्पितळात भेटायला येणारा प्रत्येकजण नवी गाडीच आणायला हवी होती असं बोलायचा. तिने माझा हात धरला. "निपाणीकर, मी चुकले काय रे?"

"नाही, अक्का."

"मग गाडी पळाली कशी?"

दिवाळीआधी ती गेली, चूक आपलीच होती असं धरून.

तेराव्यानंतर मी ट्रक जॅकवर चढवला आणि मागचं झाकण उघडलं. आत भलत्याच गाडीचे दाते होते. वरून फक्त काळा रंग मारलेला. बसवराजला फोन केला तर म्हणतो, "जाऊ द्या, सार. वय झालं होतं त्यांचं."

वय झालं होतं, हे तू मला सांगतोस? चढावरून खाली येणाऱ्या गाडीपुढे ती वाकली, त्या वयात. तू कुठे होतास?

बसवराज, तो एक्सल कोणाच्या गाडीखाली आहे ते तुला ठाऊक आहे. तो परत आण. आणि ज्या मांडवात शपथ घेतलीस तिथेच, अध्यक्षांसमोर, त्या गाणाऱ्या बायकांसमोर उभा राहून सांग, की तुळसाक्काची निवड बरोबर होती. तिला आता ऐकू येणार नाही. आम्हाला येईल. बोल.