भिंतीपलीकडची खाकर
गरम पाण्यात हळद-मीठ पडलं की त्या वासानं मी अजून भिंतीकडे बघतो. हावड्यात आमच्या न्हाणीला लागूनच शेजारच्या बंगाली म्हाताऱ्याची न्हाणी होती. घसा खवखवला की मी गुळण्या करायचो आणि तो पलीकडून खाकरून म्हणायचा, “दादा, तालमिश्री चघळा, हळदीनं काही होत नाही.” त्याची ती ताडगुळाची खडीसाखर मी कधी घेतली नाही, उलट मुद्दाम मोठ्यानं गुळण्या करायचो. तो वारला, घराला कुलूप लागलं. महिन्याभरानं एका सकाळी मी गुळणी केली, तर पलीकडून तीच खाकर आली. बाहेर जाऊन पाहिलं, कुलूप तसंच होतं. परत आलो तर आमच्या खिडकीत तालमिश्रीचा खडा होता, त्याला एकही मुंगी लागली नव्हती. जन्मात कुणाचं ऐकलं नाही मी, पण तो खडा मुकाट्यानं तोंडात टाकला. खवखव थांबली, हे अजून कुणापाशी कबूल केलेलं नाही. आजही गुळण्या हळदीच्याच करतो. फक्त हळू करतो, पलीकडचं ऐकू यावं म्हणून.