विहिणीचं मराठी आणि माझी नऊ वाक्यं

माझ्या विहिणीशी माझं काही भांडण नाही. ती मराठी बोलायला लागली, एवढा एकच गुन्हा तिने केला.

माझा धाकटा निलेश नोकरीला चेन्नईला गेला आणि तिथल्या कावेरीशी लग्न करून बसला. मुलगी चांगली आहे. त्यांचा कार्तिक तीन वर्षांचा. दिवसभर तो कावेरीच्या आईकडे, म्हणून त्याला नुसतं तमिळ येतं. तिला तो पाटी म्हणतो. त्यांच्यात आजीला तसंच म्हणतात. मी फोनमधली आज्जी! मी "माझ्या सोन्या" म्हटलं की तो मोबाइल उलटा करून मला पंखा दाखवायचा.

दिवाळीला सगळे करी रोडला येणार असं ठरलं. पाटीसुद्धा. त्यात निलेशने सांगितलं, "आई, पाटी मराठी शिकतायत. रोज एक शब्द."

"या वयात?"

"तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या आहेत."

हे मला झोंबलं. म्हटलं, "मग मलाही तमिळ पाठव. पोराने मला एक मुका दिला पाहिजे. तेवढं जमलं की बास."

कावेरीने नऊ वाक्यं बोलून पाठवली. रोज ती पोराला जे सांगते, तेच. इकडे ये, बस, खा, पाणी पी, पुरे, ऊठ, हात धू. आठवं, पाटीकडे जा. नववं, मुका दे.

मी चौथी पास. आमच्या बाईंनी छडी घेऊन सगळं पाठ करून घेतलं होतं. एकोणतीसचा पाढा मला आजही येतो. (मधलंच सत्ते विचारू नका. मी एकोणतीस एके एकोणतीसपासून निघते.) त्याच पद्धतीने मी तमिळ धरलं. नऊही वाक्यं आरतीच्या चालीवर बसवली आणि टाळ्या वाजवत घोकली. आठवड्यात पाठ!

निलेशला फोनवर म्हणून दाखवली. तो म्हणाला, "आई, आठवं गाळ."

"मधलं गाळलं की पुढचं येत नाही."

"मग नुसतं नववंच म्हण ना!"

"नुसतं कसं आठवेल? पहिल्यापासून यावं लागतं."

"अगं, अर्थ तरी लक्षात ठेव!"

"अर्थाचं बघू नंतर. आधी पाठ झालं ना?"

दिवाळीला मंडळी आली. पाटी एकोणिसाव्या मजल्यावर पोचायच्या आधीच खाली वॉचमनला "कसं काय भाऊ?" विचारून आली होती. वॉचमन युपीचा. त्यालासुद्धा तिचं मराठी कळलं! घरात येऊन म्हणते, "विहीणबाई, तुम्ही बसा, मी चहा करतो!" सगळे हसले, तीही हसली. शब्द विसरली की हातातलं गाळणं वर धरून बेधडक विचारायची, "हे काय म्हणते? परत सांगा." शेजारच्या बायका तिच्याभोवती गोळा! पन्नास वर्षं मी इथे अस्खलित मराठी बोलतेय, मला कोणी कधी शाबासकी दिली नाही.

माझं डोकं तापलं. कार्तिक कावेरीच्या ओढणीमागे लपला होता. मी फराळाचं ताट पुढे ठेवलं, जमिनीवर मांडी ठोकली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"इंगे वा!" पोरगा आला! पाटीच्या हातातलं गाळणं तिथेच थांबलं. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"उक्कारु!" बसला. "साप्पिडु!" चकली उचलून खाल्ली. "तण्णी कुडी!" दोन घोट पाणी. "पोदुम!" पेला खाली. मिलिटरीत नाही अशी शिस्त! मी पाटीकडे बघून टाळी जरा जोरात वाजवली.

मागून निलेश दोन्ही हात हलवत होता, "आई, थांब! आई, बास!" पण आरती अर्ध्यावर सोडता येते का?

"एळुंदिरु!" उठला. "कै कळुवु!" मोरीत जाऊन हात धुऊन आला, माझ्यासमोर उभा राहिला. आता एक हात लांब होता हो फक्त! आणि माझ्या तोंडातून आठवं निघालं.

"पाटीकिट्ट पो!"

गेला.

मी थांबायला हवं होतं. कळतही होतं. पण चाल पुढे ओढत होती.

"मुत्तम कुडु!"

पाटीच्या गालावर असा दणदणीत मुका वाजला की कावेरीच्या हातून चहाचा कप निसटला. पाटी डोळे पुसत म्हणाली, "विहीणबाई, किती चांगला तमिळ बोलते तुम्ही! आणि किती मोठा मन!"

मोठं मन! मी तोंडात अख्खा लाडू कोंबला, म्हणजे उत्तर द्यायला नको.

पण पोराला खेळ आवडला. आता चेन्नईहून रोज संध्याकाळी तो स्वतःच फोन लावायला लावतो आणि "आज्जी! आज्जी!" करून टाळ्या वाजवतो. मी सुरू करते. तो येतो, बसतो, खातो, पितो, उठतो, हात धुतो. तेव्हा करी रोडला बसून आरती मी म्हणते, टाळ्या मी वाजवते, आणि प्रसाद चेन्नईत विहीणबाई गालावर घेतात!