गोळ्याला लावलेला भंडारा

रामराव मास्तरांनी मशीनचा दांडा तिसऱ्यांदा फिरवून पाहिला. दांडा जागचा हलला नाही. दारात उभ्या असलेल्या मायाप्पा सांधेवाल्यानं तळहात धोतराला पुसले. दांडा का फिरत नाही, हे त्या खोलीत एकट्यालाच ठाऊक होतं, आणि तो एकटा म्हणजे मायाप्पा.

साल चौऱ्याहत्तर, दिवस खंडेनवमीचा. भालकी आणि कमलनगरच्या मधलं बोरहाळ हे एकाच फलाटाचं स्टेशन. रूळ एकेरी; येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्या त्याच एका वाटेनं. पूर्वी मास्तर पुढच्या स्टेशनाला फोन लावून वाट मोकळी आहे का विचारत, उत्तर कागदावर लिहीत, वाचून दाखवत, आणि तो कागद ड्रायव्हरला देत. तेवढ्यात मालगाडीचा अर्धा तास जाई. शिवाय कुणाची डुलकी लागून कागद चुकला तर दोन गाड्या समोरासमोर, ही धास्ती वेगळीच.

त्या उन्हाळ्यात मशीन आलं. एक इथं, दुसरं पुढच्या स्टेशनात, मधे तार. पोटात पोलादी गोळे. पुढच्या मास्तरानं घंटा देऊन होकार भरला तरच इकडे एक गोळा सुटे. तो ड्रायव्हरच्या हाती पडे, आणि पुढच्या मशीनच्या पोटात जाईपर्यंत दुसरा गोळा म्हणून निघत नसे. गोळा नाही, तर गाडी नाही. दिवसाला दोन मालगाड्या जास्त सुटायला लागल्या होत्या.

मायाप्पाचं काम हाताचं. गाडीसाठी रुळांचा सांधा बदलायचा. ड्रायव्हरनं धावत्या गाडीतून फेकलेलं वेताचं कडं उचलायचं, त्याला बांधलेल्या चामडी पिशवीतला गोळा काढून मास्तरांना द्यायचा. नऊ वर्षं तो तात्पुरताच होता. दिवाळीनंतर कायमची ऑर्डर येणार, असं वरून कळलं होतं, आणि त्याची बायको म्हाळसा तेव्हापासून शेजारणींशी जरा ताठ मानेनं बोलत होती.

दर खंडेनवमीला तो सांध्याला, कंदिलाला, झेंड्यांना तेल आणि मैलारच्या मल्लण्णाचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा लावी. यंदा रामरावांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, सांध्याला काय वाहायचं ते वाह, मशीनला हात लावू नको, त्याला वरचं सील आहे. रामराव हुलसूरकडचे. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि घराण्यात साहेबाची टोपी घालणारे हे पहिलेच. मायाप्पाची श्रद्धा ते कधी हसण्यावारी नेत नसत.

मायाप्पानं शब्द पाळला. मशीनला बोटही लावलं नाही. पण सकाळची पॅसेंजर आली, मास्तर फलाटावर गार्डाशी बोलत राहिले, आणि गोळा तेवढा मायाप्पाच्या ओंजळीत होता. जड, गार, सणाच्या दिवशी कोरडाच. त्यानं त्याला तेलात कालवलेला भंडारा चोळला, धोतरानं वरवर पुसला आणि मास्तरांच्या हाती दिला.

आता तो गोळा मशीनच्या घशात अर्ध्यावर अडकला होता. वाट मोकळी असूनही मशीन सांगत होतं, वाटेवर गाडी आहे. सिग्नलाबाहेर मालगाडी शिट्ट्या मारत होती.

रामरावांनी बिघाड कळवला, जुना कागद काढला, आणि पुढच्या मास्तराकडून परवानगीचा आकडा फोनवर दोनदा वदवून घेऊन मालगाडी सोडली. दिवसभर तसंच चाललं. प्रत्येक कागदावर सही करताना ते आकडा पुन्हा वाचून बघत. ह्या कागदावर काही चुकलं तर ते आपल्या दोन बोटांमुळं, हे मायाप्पाच्या डोक्यातून जाईना. दुपारी म्हाळसा भाकरी घेऊन आली. त्यानं तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अवो, बोलू नगा. कोण बघितलंय तुमाला?"

कुणीच बघितलं नव्हतं. भाकरी तशीच राहिली.

चार वाजता सिग्नलचे इन्स्पेक्टर शिवशंकरप्पा मिस्त्रीला घेऊन उतरले. सील तुटलेलं नाही, हे आधी पाहिलं. मग झाकण उघडलं, बोट आत घातलं, आणि ते बाहेर आलं ते पिवळं होऊन. त्यांनी वास घेतला.

"रामराव, पूजा तुम्हीसुद्धा करायला लागलात की काय?"

मिस्त्री तोंड फिरवून हसला. रामरावांचा चेहरा उतरला. त्यांनी एकदाच मायाप्पाकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं कळल्याचं दिसत होतं. मग ते इन्स्पेक्टरांकडे वळले.

"मशीन माझ्या ताब्यात आहे. जबाब माझ्या नावावर लिहा."

शिवशंकरप्पांनी पेनचं टोपण काढून रामरावांचं नाव लिहिलं. मायाप्पा दारातून पुढं आला. हा कागद वर गेला की मास्तरांची बढती तर गेलीच, आणि गावोगावची माणसं हेच म्हणणार की बघा, ह्या लोकांच्या हाती यंत्र दिलं की असं होतं.

"सायब, त्येंनी न्हाई," तो म्हणाला. "मी लावलो. गोळ्याला लावलो."

"कशासाठी?"

"तेल लागलं की सांधा हलका व्हतोय. वाटलं, ह्योबी व्हईल. सण हाय, त्येला एकट्याला कामून सोडायचं?"

शिवशंकरप्पांनी रामरावांचं नाव खोडलं, मायाप्पाचं लिहिलं आणि अंगठा घेतला.

मिस्त्रीनं गोळा सोडवला. तो पुसायला शिवशंकरप्पांनी मायाप्पाकडेच दिला. त्यानं रॉकेलनं पुसला, कोरड्या फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला, आणि देईचना. शेवटी रामरावांनी तो त्याच्या बोटांतून अलगद काढून घेतला, मशीनमध्ये सोडला, दांडा फिरवला. दांडा फिरला. काही क्षणांनी पुढच्या स्टेशनाची घंटा वाजली.

ऑर्डर त्या दिवाळीला आली नाही. मायाप्पाला तिथून काढून गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर टाकलं. रामराव दर सहा महिन्यांनी त्याच्यासाठी अर्ज लिहीत, म्हाळसा दर सहा महिन्यांनी त्याला टोचून बोले, आणि तिसऱ्या वर्षी ऑर्डर आली, पण फाटकाचीच. फाटकावर घंटा ऐकू येत नसे. गाडी पुढे पोचली का, गोळा नीट पडला का, हे कळायला वाटच नव्हती. म्हणून गाडी गेल्यावरही मायाप्पा फाटक न उघडता थांबून राही, बैलगाडीवाल्यांच्या शिव्या खात, शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत.