रेडिओच्या दारातली कळशी

आमच्या गावात कुणी नवीन यंत्र विकत आणलं की ते आधी मायाप्पाला दाखवायचं, अशी पद्धत होती. मायाप्पा म्हणजे माझा थोरला चुलता, ग्रामपंचायतीचा शिपाई. त्याला यंत्रातलं काहीही कळत नव्हतं. हे मी सख्खी पुतणी असून सांगते, कारण ते खरं आहे, आणि माझ्या पहिल्या ट्रान्झिस्टरची त्यानं वाट लावली तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. यंत्राला सर्दी झालीय म्हणून त्यानं तो चुलीजवळ शेकायला ठेवला होता. डबा एका बाजूनं वितळला. त्यावर आप्पा म्हणाला, दुखणं जुनं होतं.

त्याची मुलगी सत्यवती त्याला आप्पा म्हणायची, म्हणून आम्ही सगळी भावंडंही आप्पाच म्हणायचो. पलटणीतून पेन्शनीवर आलेल्या सुबरावानं टेपरेकॉर्डर आणला तेव्हा आप्पानं त्याला सांगितलं की अमावास्येला तो बंद ठेवायचा, कारण शहापुरात मागवाले विणकरसुद्धा त्या दिवशी माग बंद ठेवतात. यंत्र झालं तरी त्याला दमणूक असतेच. सुबरावानं हे निमूटपणे पाळलं. जयाबाईच्या लेकानं बेळगावातून मिक्सर आणला, तर त्याला चटणीआधी नुसतं पाणी फिरवून सवय लावायला सांगितली. तीन-चार दिवस त्या घरात मिक्सरमध्ये पाणीच वाटत होते. माणसं ऐकायची. पंचायतीचा रेडिओ आप्पाच्या ताब्यात होता, आणि ज्याच्या हातात रेडिओ त्याला कळतच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आमचं गाव बेळगुंदीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. बहात्तरच्या सुमारास पंचायतीला रेडिओ मिळाला. मोठा, विजेवरचा, कौलांवर कर्णा लावलेला. त्याची खोली रोज उघडायची, झाडायची आणि कार्यक्रम संपला की कुलूप घालायचं, हे काम मोठ्या घरातल्या कुणालाच नको होतं. तेव्हा चेअरमन होते मारुतीराव पाटील. त्यांनी चावी आप्पाला दिली. दिली म्हणजे त्याच्या ओंजळीत वरून टाकली, हाताला हात लागू नये अशा बेतानं. त्याच वर्षी जयंतीला आमच्या वस्तीत येऊन त्यांनी गावात आता भेदभाव उरला नाही असं जोरदार भाषण केलं होतं. आमच्या लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. चावीचा प्रसंग माझ्या आईनं स्वतः पाहिला होता आणि ती तो मरेपर्यंत विसरली नाही.

आप्पानं चावी कनवटीला लावली. दुसऱ्या दिवशी मात्र रेडिओच्या खोलीच्या दारात एका तिवईवर घासूनपुसून लख्ख केलेली आमच्या घरची पितळी कळशी दिसली. वर तांब्या. आप्पानं जाहीर केलं की हे यंत्र नाजूक आहे. गावातले लोक निपाणीचा तंबाखू मळतात, चुन्याचं बोट तसंच बटणाला लावतात, आणि चुना आत गेला की यंत्र खलास. म्हणून चपला बाहेर, थुंकायचं बाहेर, आणि ज्याला रेडिओला हात लावायचा असेल त्यानं आधी हात धुवायचे. पाणी आप्पा स्वतः घालणार, म्हणजे धुतले की नाही ते त्याला दिसेल.

आता खरी अडचण सांगते. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाव आमच्या हातचं पाणी घेत नव्हतं. आणि घेत नाही असं कुणाला चारचौघांत म्हणताही येत नव्हतं, कारण भेदभाव उरलेला नव्हता. भाषण झालं होतं. तेव्हा मंडळी दारापर्यंत यायची, कळशीकडे बघायची, आणि कुणाला गुडघा आठवायचा तर कुणाला म्हैस. "मायाप्पा, तूच लाव की रं," असं म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर बसायची. थोड्याच दिवसांत 'लाव की रं'चं 'लावा की' झालं. गावात कुणी रेडिओला हात लावला नाही. लावला तो एकट्या आप्पानं.

ही सत्ता त्यानं मनसोक्त भोगली. बिजापूरकडून आलेल्या सेक्रेटरीला धारवाडच्या कन्नड बातम्या हव्या असायच्या आणि गावाला सांगलीच्या मराठी. सीमाभागातलं गाव, त्यावरून डोकी फुटायची वेळ. आप्पा मान तिरकी करून कौलांकडे बघायचा आणि आज हवा धारवाडची आहे किंवा सांगलीची आहे असं सांगायचा. सेक्रेटरी आणि पाटील दोघंही हवेपुढं गप्प बसायचे. हवा आप्पाच्या अंगठ्यात होती हे आम्हा मुलांना माहीत होतं, पण आम्ही सांगितलं नाही.

आमच्यावरही तोच नियम होता, हे मात्र मला आणि सत्यवतीला खटकायचं. आम्ही दोघी चटकन हात पुढं करायचो, पाणी घ्यायचो, आणि तरी आप्पा बटण फिरवू द्यायचा नाही. लहान हात लागले की मोठेही मागतील, असं त्याचं म्हणणं. सत्यवती रडायची नाही. ती दात आवळून बघत राहायची, बाप कुठलं बटण किती फिरवतो ते.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीला टीव्ही आला तो त्याच खोलीत, लाकडी कपाटात. कपाटाला आणखी एक कुलूप. बेळगावच्या बाजूला तोंड करून अँटेना, आणि ती फिरवायला कौलांवर आप्पा. कळशी जागची हलली नव्हती. एव्हाना गावातली बरीच माणसं बेळगावच्या हॉटेलात कुणाच्याही हातचा चहा पीत होती, पण गावच्या कळशीची गोष्ट वेगळी. ती समोर होती आणि कुणी हात पुढं केला तर सगळ्या गावाला दिसलं असतं. सवय मोडायला कुणीतरी पहिला लागतो, आणि पहिला व्हायला कुणी तयार नव्हतं.

सत्यवती बीएस्सी झाली आणि बेळगावात सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून आली. एकोणनव्वदला आमच्या गावचाच, निपाणीत तंबाखूच्या व्यापारावर मोठा झालेला एक माणूस हायस्कूलला कॉम्प्युटर देणगी देऊन गेला. शिकवायला सत्यवतीला नेमलं. मला तर उड्या माराव्यात असं झालं. पण हायस्कूलची कौलं गळत होती, आणि गावात कोरडी, गज असलेली, कुलूपबंद खोली एकच होती. टीव्ही कोपऱ्यात सरकवून कॉम्प्युटर तिथं बसवला. चावी आप्पाकडंच राहिली.

पहिल्याच दिवशी मुलं चपला काढून रांगेत उभी, आणि आप्पा दारात तांब्या घेऊन. सत्यवतीनं आत जाऊन पडद्यावरची हिरवी अक्षरं दाखवली आणि मुलांना म्हणाली, या, हात लावा. कुणी पुढं आलं नाही. सगळी आप्पाकडं बघत होती. मुलांना घरून सांगून पाठवलं होतं की दुरूनच बघा, मायाप्पाच्या यंत्राला हात लावायचा नसतो. मोठ्या माणसांनी त्यामागचं कारण मुलांना सांगितलं नव्हतं. आठवडाभर सत्यवतीनं एकटीनं बटणं दाबली आणि मुलांनी ती बघितली. ते शिकणं नव्हतं, ते टीव्ही बघणं होतं.

मी तेव्हा बेळगावात राहायचे. शनिवारी घरी आले तर बापलेकीचं वाजत होतं. सत्यवतीचं म्हणणं, कॉम्प्युटर शिकायची पहिली गोष्ट म्हणजे भीती सोडून हात लावणं. चुकलं तर पुन्हा करता येतं. आणि धूळ आली की पुसता येते, त्याला कळशी कशाला? आप्पा भाकरी मोडत बसला होता. मग ती जे म्हणाली ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

"आप्पा, गावानं आपल्याला हात लावू दिला न्हाय. आता तू गावाला लावू देत न्हाईस. मग तुझ्यात आनि त्यांच्यात फरक काय ऱ्हायला?"

आप्पाचा घास हातातच राहिला. मला वाटलं तो ओरडेल. तो एवढंच म्हणाला, "मी कुनालाबी नको म्हनलेलं न्हाय. हात धुवा म्हनलंय." आणि उठून गेला. सत्यवती माझ्याकडं वळून म्हणाली की सोमवारी कळशी तिथं दिसली तर ती राजीनामा देणार. ती बोलली की करते, हे मला ठाऊक होतं. मला तिचंच पटत होतं, आणि तरी आप्पाचं वाईट वाटत होतं. त्या कळशीशिवाय त्याच्याकडं दुसरं होतंच काय?

सोमवारी मी मुद्दाम गावात थांबले. कळशी होती. सत्यवतीनं ती बघितली आणि पर्स खुर्चीवर ठेवली. त्या पर्समध्ये राजीनामा होता. वर्ग सुरू होणार एवढ्यात मारुतीराव पाटील आले. सत्तरी उलटलेली, हातात काठी, पोरं बेळगावला गेलेली. ते आता कसलेच चेअरमन नव्हते. त्यांनी सवयीनं चपला काढल्या, दारातून आत वाकून बघितलं आणि विचारलं की यात माणसाचं नाव उमटतं म्हणे, ते खरं का? सत्यवती म्हणाली, खरं आहे, या, तुम्हीच उमटवा, एकेक अक्षर मी दाखवते.

म्हातारा हरखला. त्यानं एक पाऊल आत टाकलं.

"पाटील," आप्पा म्हणाला, "हात."

सत्यवती पटकन पुढं झाली; यंत्राला तशी काही गरज नाही, हे तिच्या अगदी ओठावर होतं. मी तिचा दंड धरला. तिनं चिडून माझ्याकडं बघितलं, मग आप्पाकडं. आप्पा तांब्या घेऊन उभा होता, आणि बघत होता तो यंत्राकडं नाही, पाटलांच्या हातांकडं. सत्यवतीनं तोंड मिटलं. त्या वेळी तिला समजलं, की ही कळशी यंत्रासाठी कधीच नव्हती.

मारुतीरावांनी कळशीकडं बघितलं. बाहेर कट्ट्यावर सुबराव होता, जयाबाई होती, आणि आणखी चारजण. म्हाताऱ्याला गुडघाही होता आणि म्हैसही होती. दोन्ही सांगता आलं असतं. पण पडद्यावर नाव उमटवायची त्याला फार हौस लागली होती. की वय झालं होतं, की लाज वाटली होती, ते मला माहीत नाही. मी त्याला उगाच मोठेपणा देणार नाही. त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि ओंजळ पुढं केली.

"घाल बाबा," तो म्हणाला. "लई वर्सं झाली बघ."

आप्पानं पाणी घातलं. हळू घातलं, तांब्या संपेपर्यंत. पाटलांनी बोटं चोळली, मनगटापर्यंत धुतली, आणि मग पुसायला काही मिळेना म्हणून इकडंतिकडं बघू लागले. आप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. त्यांनी त्यालाच घाईघाईनं कसेबसे हात पुसले आणि थेंब गाळत ते कीबोर्डकडं निघाले.

तेव्हा सत्यवती ओरडली. "थांबा, थांबा! ओल्या हातानं न्हाय चालत. त्यानंच बिघडतंय ते."

आप्पा तिच्याकडं बघत राहिला. सतरा वर्षं त्यानं गावाला यंत्रांबद्दल जे जे सांगितलं त्यातलं खरं काहीच नव्हतं, आणि जो एक नियम मोडू दिला नाही, तोच यंत्राला मारणारा होता. तो हसला. मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. पाटलांनी पुन्हा हात कोरडे पुसले आणि बोट लावून एकेक अक्षर शोधत नाव उमटवलं. त्यानंतर मुलांची झुंबड उडाली आणि सत्यवतीला कुणाला आवरावं ते समजेना.

मंगळवारी दारात कळशी नव्हती. आप्पानं ती घरी परत नेली होती आणि चावी सत्यवतीच्या हातात दिली होती, हात धरून. पर्समधल्या कागदाचं तिनं काय केलं, ते मी विचारलं नाही. आप्पा मात्र सकाळपासून कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत होता की कॉम्प्युटरला ओला हात लावायचा नाही, हे त्यानं स्वतः अनुभवानं शोधून काढलंय. सुबरावानं विचारलं, टेपरेकॉर्डरलाही चालत नाही का? आप्पानं थोडा विचार केला आणि चालत नाही म्हणून सांगितलं.