मागे पडणारा चेंडू

मुरबाडजवळच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिचं मैदान म्हणजे शेजारचं भात कापून रिकामं झालेलं खाचर. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि मुळात मी कमीच बोलते. खेळाच्या तासाला ओरडून सूचना द्यायच्या, याची धास्ती शहापूरहून एसटीत बसल्यापासूनच सुरू होते.

त्या आठवड्यात मी चेंडू फेकायला शिकवत होते. आधी उभ्या जोडीदाराकडे, मग पळणाऱ्याकडे.

चौथीतली एक मुलगी बऱ्याच दिवसांनी शाळेत आली होती. शेतात भाताची रोपं लावायची आवणी संपता संपता तिची आई तापाने गेली. तेव्हापासून ती धाकट्या भावाला सांभाळत घरीच होती. मुख्याध्यापक मला म्हणाले होते, "बाई, हिच्याकडे लक्ष द्या. पुन्हा घरी बसली तर परत नाय यायची."

उभ्या जोडीदाराला ती नेमका चेंडू द्यायची. खालून हात झोकून, अलगद. पळणाऱ्या मुलीला मात्र दर वेळी तिच्या पाठीमागे टाकायची. "ती जिथे पोहोचणार, तिथे टाक," मी सांगत होते. ती मान हलवायची आणि पुन्हा मागेच टाकायची.

"अगो, डोलं हायत ना तुला? ती पुढं पलते, तू मागं काय टाकतेस?" रांगेतली एक मुलगी ओरडली.

"बाई, हिच्यासंगं आमी नाय खेलायचो!" बाकीच्याही म्हणाल्या.

ती खाचराच्या बांधावर जाऊन बसली. दप्तर तिने मांडीवर घेतलं होतं. आता उठून ती घरी जाणार, हे मला दिसत होतं. मी शेजारी बसले.

ती म्हणाली, "आई मागं मागं सरकायची."

मला आवणी आठवली. बायका ओणव्याने रोपं लावत मागे सरकतात, आणि रोपांच्या मुठी, म्हणजे जुड्या, त्यांच्या पाठीमागे टाकायच्या असतात. सरकत त्या तिथवर आल्या, की मूठ हाताशी सापडते. आईला त्या मुठी हीच मुलगी टाकून द्यायची. मी सांगितलं तेच ती करत होती. आई जिथे पोहोचणार, तिथे टाकत होती.

चेंडू तिच्याशेजारी ठेवून मी उठले. तिच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालू लागले. मुलं हसली. "बाई, पडाल गो!" माझे कान तापले, पण मी थांबले नाही. तिने दप्तर खाली ठेवलं आणि चेंडू झोकला. तो डोक्यावरून गेला, माझ्या मागे टप्पा पडला, आणि पुढच्या पावलाला माझ्या टाचेला येऊन लागला. मी वाकून उचलला आणि तिला परत दिला. आम्ही तसंच खेळत राहिलो. कोणी हसेनासं झालं. ती रडत होती, पण फेकणं थांबवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही, ठाऊक नव्हतं. एसटीतून उतरले तेव्हा ती फाटकाशी होती, कडेवर भाऊ. खेळाच्या तासाला तिने त्याला बांधावर बसवलं.

मी पुन्हा उलट्या पावलांनी चालू लागले.

"नाय बाई," ती म्हणाली. "आता पुढं पला."

मी पळाले. चेंडू माझ्याही फार पुढे, थेट पलीकडच्या खाचरात गेला. तो आणायला तीच धावली.